उजवी बाजू

लिहा कारकूनसाहेब, लिहून घ्या.
नाव सोयमा. वय : एकसष्ट वेळा बर्फ फुटताना पाहिलाय.
कान सशाचे. ते दिसतंच आहे तुम्हाला,
सारखे टोपीकडे बघू नका, भोकं मुद्दाम ठेवलीत.
तुमचे कान गोल, गुळगुळीत, कवटीला चिकटलेले.
पोरं हसली त्याबद्दल माफ करा,
त्यांना वाटलं, तुमचे कुणी खुडून नेले.

घरात माणसं : एक.
राखणदार : दोन.

थांबलात?
तुमच्या छापील कागदावर
माणसामागे एकच चौकोन आहे, माहीत आहे मला.
शेजारच्या येर्दाला विचारा,
तिचे कान हरणाचे, तिची राखण लांडगा करतो.
नदीकाठच्या कोल्हेकान्यांना गरुड सांभाळतात.
जो आपल्याला खातो, त्यालाच दाराशी बांधून घ्यायचं,
हा आमचा जुना करार.
हसा. पण सांगा,
भुकेल्याइतकं लक्ष दुसरं कोण ठेवतं?

मला घुबड मिळालं. सातव्या हिवाळ्यात
आईने कानाचं टोक भुर्जाच्या धुरावर शेकलं
आणि म्हणाली, आता गप बस, येईल.
आलं. डाव्या कानात बसलं, ते आजतागायत.
कटकटं आहे. पीठ तळाला गेलं की सांगतं,
पाहुणा खोटं बोलू लागला की पिसं फुगवतं.
कानाडोळा करायची सोय नाही.
आत्ता शांत आहे. घाबरू नका.

दुसरा माझा नाही.
दुसरा इर्गालचा, माझ्या भावाचा.
रानबोका. तोकडं शेपूट, पंजे भाकरीएवढे.
इर्गाल तुवेल सरोवरावर जाळी लावायला गेला
सरत्या हिवाळ्यात, बर्फ निळा होता म्हणून.
निळा धरतो, पांढरा बुडवतो,
हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.
त्या दिवशी निळ्यानेच दगा दिला.
बोक्याला पोहता येत नाही.
करारात पाण्याबद्दल काही ठरलंच नव्हतं.

माणूस गेला की राखणदार तीन रात्री थांबतो,
मग रानात सुटतो, पुन्हा भुकेला, पुन्हा मोकळा.
हा चौथ्या रात्री माझ्या दाराशी.
अंगावर पाण्याचा थेंब नाही.
तेच त्याला सोसत नसावं.
हाकलला. चुलीतलं जळतं लाकूड फेकलं.
घुबडाने थयथयाट केला, एका डोक्यात दोघं कशी?
पहाटे मी उजवा कान पुढे केला.

उजवा कान, साहेब, बहिरा आहे.
लहानपणी ताप आला होता, तेव्हापासून.
इर्गाल नेहमी माझ्या डावीकडून चालायचा,
बाजारात, मयतीला.
भांडतानासुद्धा
आधी वळसा घालून डाव्या बाजूला यायचा,
मग ओरडायचा.

आता त्याचा बोका उजवीकडे बसून बोलतो.
अकरा वर्षं झाली.
बोलतो हे कळतं, कारण कान गरम होतो
आणि टोकाची लव थरथरते.
काय बोलतो?
पाण्याखाली काय झालं ते, बहुधा. किंवा माफी.
किंवा नुसतंच, भूक लागलीय.
येर्दा म्हणते, घुबडाला विचार, ते मधेच बसलंय.
विचारलं.
सात कोसांवरची कुजबुज आणून माझ्या उशाशी टाकणारं घुबड,
ते मान फिरवतं,
पार मागे, पाठीकडे.

तेव्हा तुमच्या चौकोनात एक लिहा.
कागद खराब नको व्हायला.
चहा प्या, चरबी घातलीय, ढवळून घ्या.

आणि शेवटचा प्रश्न काय होता तुमचा?
झोपायच्या जागा?
एक. खिडकीखाली.
मी डाव्या कुशीवर झोपते, घुबड उशीत दाबून.
ते चिडतं, चिडू दे.
कुणी बोलत असताना
कान झाकून घेणं
आमच्यात बरं दिसत नाही.